नगररचनेतील वजाबाकी

वाङ्मयाच्या ज्या प्रकारांकडे आमच्या टीकाकारांचे लक्ष आजवर गेलेले नाही, त्यांत ‘शहराच्या विकास योजनेचा अहवाल’ हा एक प्रकार होय. असे अहवाल आवडीने कोणी वाचीत नाही, ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या मळ्यावरून नव्या रस्त्याची रेघ गेली असेल तो आपल्या मळ्यापुरते पान वाचतो. आणि ज्यास त्या रेघेपासून लाभ व्हावयाचा असतो त्याने ते पान त्याच्याही आधी वाचलेले असते. परंतु प्रस्तावनेपासून परिशिष्टापर्यंत, एखादी कादंबरी वाचावी तसा अहवाल वाचण्याचा उद्योग आम्ही गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत केला. खानदेशात वैशाखातील दुपारी दार लावून वाचीत बसण्यावाचून दुसरे काही करता येत नाही, हेही त्याचे एक कारण. खानदेशातले आणि खानदेशाबाहेरचे असे चार-सहा अहवाल वाचून झाल्यावर या वाङ्मयप्रकाराविषयी आमचे जे मत झाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

या सर्व ग्रंथांचा नायक एकच आहे. त्याचे नाव लोकसंख्या. पहिल्या प्रकरणात तो लहान असतो, दुसऱ्यात वाढीस लागतो, आणि शेवटच्या कोष्टकात तो एवढा प्रचंड होतो की त्याच्या पायांखाली भोवतालच्या पाच-दहा गावांची शेते दिसेनाशी होतात. त्यास कधी दुखणे येत नाही, तो कधी कोणावर रुसत नाही, आणि गाव सोडून तर तो कधीच जात नाही. नायकाचा मृत्यू रंगभूमीवर दाखवू नये, असा आमच्या प्राचीन नाट्यशास्त्राचा दंडक होता. नगररचनाकारांनी तो इतक्या निष्ठेने पाळिला आहे, की नायकास साधे पडसे झालेलेही त्यांस खपत नाही.

पुढील काळची लोकसंख्या काढण्याच्या त्यांच्या रीती ठरलेल्या आहेत. मागील जनगणनांचे आकडे घ्यावयाचे. दर दहा वर्षांनी सरासरी इतकी माणसे वाढली म्हणून पुढेही तितकीच वाढतील, ही अंकगणिती रीत. शेकडा इतक्या प्रमाणाने वाढली म्हणून त्याच प्रमाणाने वाढतील, ही भूमितीय रीत. आणि वाढीतही जी वाढ झाली ती जमेस धरावयाची, ही तिसरी रीत. मग तिहींची सरासरी घ्यावयाची, किंवा त्यांतली जी योग्य वाटेल ती पत्करावयाची. त्या उत्तरास दर हजारी इतकी शाळा, इतकी बाग, इतका दवाखाना या प्रमाणांनी गुणिले, म्हणजे नकाशावर रंग भरण्याचे काम तेवढे उरते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे अशा योजनेची फेरतपासणी वीस वर्षांतून एकदा व्हावयाची असते. तेव्हा एकदा मांडलेली बेरीज निदान एक पिढीभर गावाबरोबर राहते. गणित म्हणून या रीतींत आम्हांस काही दोष काढावयाचा नाही. आमचा आक्षेप एवढाच, की माणूस एखाद्या गावात का येतो, का टिकतो आणि का निघून जातो, हा प्रश्न या सबंध ग्रंथात एकाही पात्राच्या तोंडी घातलेला नसतो.

येथे कोणी म्हणेल, की आमच्या गावांत माणसे वाढतच आहेत. ओस पडण्याची भाषा जपानने किंवा जर्मनीने करावी, जळगाव-धुळ्याने ती कशाला करावी? हा आक्षेप वरवर पाहता खरा वाटतो, म्हणून आकडेच पाहू. आपल्या हाती शेवटची जनगणना आहे ती २०११ ची. २०२१ ची झालीच नाही. २००१ साली धुळे शहराची वस्ती सुमारे ३ लाख ४२ हजार होती, ती २०११ साली सुमारे ३ लाख ७६ हजार झाली. म्हणजे दहा वर्षांत शेकडा दहा. भुसावळची वाढ याहून कमी, शेकडा नऊच्या आत. अंमळनेर तर सुमारे ९१ हजारांवरून ९६ हजारांवर आले, म्हणजे शेकडा पाच. आता त्या दशकात महाराष्ट्रात दर हजारी वर्षास सतरा ते वीस जन्म आणि सहा-सात मृत्यू होत होते. या हिशेबाने कोणी आले नाही आणि कोणी गेले नाही, तरी नुसत्या जन्म-मृत्यूच्या वजाबाकीने गावाची वस्ती दहा वर्षांत शेकडा अकरा-बारा वाढावयास हवी होती. ज्या गावाची वाढ त्याहून कमी, त्या गावातून आलेल्यांपेक्षा गेलेले अधिक, हे उघड आहे. बेरजेच्या पोटात लपलेली ही वजाबाकी कोष्टकात दिसत नाही. कारण कोष्टकाचा शेवटचा आकडा मोठाच असतो. अंमळनेरची शेकडा पाच ही वाढ नसून, जन्म-मृत्यूच्या वजाबाकीतून जी वाढ व्हावयाची तिच्या निम्म्याहून अधिक माणसांइतका गावाने दिलेला निरोप आहे. एकट्या जळगावाने त्या दशकात शेकडा पंचविसाची मजल मारली. परंतु सबंध जळगाव जिल्हा मात्र शेकडा पंधराच वाढला, यावरून जळगाव कोणाच्या जिवावर फुगले हे वाचकांस सांगावयास नको. आणि पुढे तर जन्मच कमी व्हावयाचे आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीस होणाऱ्या अपत्यांची सरासरी १.७ भरली, वस्ती जागच्या जागी टिकावयासही ती २.१ लागते.

गंमत अशी, की ज्या शहराच्या भविष्यकाळात ओस पडण्याची कल्पनाही शिरू दिली जात नाही, ते धुळे शहर जन्मले तेच मुळी ओस पडण्यातून. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेले खानदेशचे गॅझेटियर १८८० साली निघाले. ज्यास जुन्या इंग्रजी अंमलदारांच्या गद्याची रुची आहे, त्याने ते एकदा तरी चाळावे. त्या काळच्या सरकारी लेखकांस ‘दुष्काळात गाव उजाड झाले’ असे एका सरळ वाक्यात लिहिण्याची लाज वाटत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धुळे हे लळिंगच्या ताब्यातले एक क्षुल्लक खेडे होते. होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्यापाठोपाठ १८०३ चा भयंकर दुष्काळ, यांत ते साफ ओस पडले. दुसऱ्याच वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. त्याबद्दल त्यांस विंचूरकरांकडून इनाम जमीन व इतर हक्क मिळाले, आणि पुढे सोनगीर व लळिंग या परगण्यांचा कारभारही त्यांच्याकडे आला. १८१८ पर्यंत ते धुळ्यास बसून तो पाहत होते. जेथे एका वर्षापूर्वी चूल पेटत नव्हती तेथे एका कारभाऱ्याने पुन्हा माणसे आणून बसविली, ही आमच्या शहराच्या नगररचनेची पहिली हकीकत होय. ती कोणत्याही अहवालाच्या प्रस्तावनेत आम्हांस आढळली नाही. प्रस्तावनेत असते ते मुंबई-आग्रा रस्त्यापासूनचे अंतर आणि पर्जन्यमान.

दुसरी हकीकत कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांची. इंग्रजी अंमल बसताच खानदेश त्यांच्या हवाली झाला, आणि त्यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. हे गृहस्थ केवळ शिपाईगडी नव्हते. फिरिश्त्याच्या फार्सी इतिहासाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८२९ साली प्रसिद्ध झाले, आणि हिंदुस्थानच्या जमीनमहसुलावरचा त्यांचा ग्रंथ त्यानंतर एका वर्षाने. १८१९ साली धुळ्यात ४०१ घरे व २,५०९ माणसे होती. पांझरा नदी आणि एक पाट यांच्यामध्ये कोंडलेले, भोवती बागायत असलेले ते लहानसे गाव होते. ब्रिग्ज यांनी काय केले? कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळविली, दूरदूरचे कारागीर आणविले, आणि त्या इमारतींवर २,७०० पौंड, म्हणजे त्या वेळचे सुमारे सत्तावीस हजार रुपये, खर्च केले. सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. पण आखणीवर ते थांबले नाहीत. जो कोणी येऊन घर बांधील त्यास जागा कायमची बिनभाड्याने दिली. आणि जुन्या रहिवाशांस तसेच नव्याने येणाऱ्यांस पक्की घरे बांधावयास आगाऊ रकमा दिल्या. १८६३ च्या सुमारास वस्ती दहा हजारांवर गेली. १८७२ साली ती १२,४८९ भरली. त्याच वर्षी पांझरेला मोठा पूर येऊन घरादारांचे पुष्कळ नुकसान झाले, तरी लोक उठून गेले नाहीत.

इंग्रजांची स्तुती करण्याकरिता आम्ही हे लिहीत नाही. ब्रिग्ज यांची युक्ती त्यांनी विलायतेहून आणलेली नव्हती. ती येथलीच होती, आणि बाळाजी बळवंतांस ती शिकवावी लागली नव्हती. उजाड गाव वसवावयाचे तर ‘कौल’ द्यावयाचा, ही मराठी राज्याची जुनी वहिवाट. कौल म्हणजे सरकारने येणाऱ्या माणसास दिलेला शब्द. अमुक इतकी वर्षे तुजकडून सारा किंवा पेठेचा कर घेणार नाही. त्यानंतर पहिल्या वर्षी थोडा, दुसऱ्या वर्षी त्याहून अधिक, असे करीत करीत पूर्ण आकारावर येऊ. या चढत्या आकारणीस इस्तावा म्हणत. पेठ वसविणाऱ्यास शेटेपणाचे वतन मिळे, मग तोच गावोगाव हिंडून कोष्टी, तांबट, वाणी, सोनार गोळा करून आणी. पुण्याच्या पेठा अशाच वसल्या. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभे आहे. जुन्या कागदपत्रांची ज्यांस गोडी आहे त्यांस कौलनामा म्हणजे काय हे आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. आमचे म्हणणे इतकेच, की वस्ती घटली असता काय करावे याविषयी आमच्याकडे एक विचार होता, त्यास परिभाषा होती, आणि तो विचार माणसापासून सुरू होत असे.

आजच्या योजनेतील कौलाच्या जागी आलेला शब्द ‘आरक्षण’ हा आहे. कौल माणसाशी होत असे. आरक्षण जमिनीवर पडते. एखाद्या शेतावर ‘प्राथमिक शाळा’ किंवा ‘उद्यान’ असा शिक्का बसतो. दहा वर्षांत संस्थेने ती जमीन घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी, आणि तरीही मुदतीत पावले पडली नाहीत तर शिक्का उठावा, असे कायदा म्हणतो. दरम्यान त्या जागेवर बाभळी वाढतात. ज्या मुलांकरिता ती शाळा कल्पिली होती ती मुले कोणाची, ती कोठून येणार, त्यांचे बाप येथे कोणता उद्योग करणार, हे विचारण्याचे कारण कोणास पडत नाही, कारण ती मुले भूमितीय रीतीने आधीच जन्मास आलेली असतात.

जळगावाकडे वळले की कथेचा रंग पालटतो. जळगाव कोणी कौल देऊन मोठे केले नाही; त्यास कापसाने आणि आगगाडीने वाढविले. अमेरिकेतील यादवीच्या वेळी, १८६२ ते १८६५ पर्यंत, लँकेशायरच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि जळगाव ही त्याची मोठी पेठ बनली. लढाई संपताच बाजार कोसळला. तथापि आगगाडी आली होती, ती राहिली. पुढे कापडाची गिरणी निघाली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले तेव्हा पूर्वेचे ठाणे जळगावास झाले, आणि धुळ्याच्या हातचा निम्मा मुलूख गेला. धुळ्यास चाळीसगावहून आगगाडीचा फाटा मिळाला तो १९०० साली, तोपर्यंत मुख्य लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा निघून गेलेला होता. १९९८ साली नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि धुळ्याचा पसारा आणखी एकदा आखडला. जळगावास मात्र १९९० साली विद्यापीठ मिळाले. गावाची वस्ती वाढते किंवा घटते ती अशा कारणांनी. एका बाजारभावाने, एका लोहमार्गाच्या वळणाने, एका सरकारी हुकुमाने. यांतले एकही कारण अंकगणिती रीतीत बसत नाही.

जळगावच्या त्या खानदेश मिलचे पुढे काय झाले? गिरणी बंद पडली, आणि स्टेशनाजवळच्या त्या जागेवर ‘खानदेश सेंट्रल’ नावाचे विक्रीसंकुल उभे राहिले. मुंबईच्या गिरणगावाची हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिलेली आहे. २००१ ते २०११ या काळात मुंबई बेटाची वस्ती ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. म्हणजे अडीच लाख माणसे उणी झाली, आणि त्याच दहा वर्षांत तेथील आकाशात सर्वांत अधिक मजले चढले. वस्ती घटते आणि बांधकाम वाढते, हा चमत्कार ज्यांस समजावयाचा असेल त्यांनी लालबाग-परळास जाऊन यावे. जळगावातही नगरपालिकेने सतरा मजल्यांची आपली इमारत उभारली, तेव्हा शहराच्या भवितव्याविषयीचा तो विश्वास पाहून बाहेरगावचे पाहुणे थक्क होत. आम्ही त्या काळी काही वर्षे जळगावच्या महाविद्यालयात शिकवीत होतो. पाहुण्यांस ती इमारत दाखविण्यात आम्हांसही अभिमान वाटे, हे कबूल केले पाहिजे.

आता मंदावलेल्या वस्तीस आमचे रचनाकार काय उत्तर देतात ते पाहावे. उघड उत्तर ते देत नाहीत, कारण रोगच मान्य नाही. पण न बोलता दिलेले उत्तर आहे, ते म्हणजे हद्दवाढ. धुळे महानगरपालिका २००३ साली झाली. २०१८ च्या सुमारास वलवाडी, अवधान वगैरे भोवतालची गावे तिच्या हद्दीत आली. पुढील जनगणनेत धुळ्याचा आकडा चांगला मोठा निघेल, यात आम्हांस शंका नाही. परंतु वलवाडीचा माणूस वलवाडीतच राहून धुळेकर झाला, याने पेठेतल्या एका तरी घराचे कुलूप निघाले काय? उलट, नव्या हद्दीत बिनशेती झालेल्या भूखंडांवर जी घरे उठतात त्यांत राहावयास येणारे पुष्कळसे लोक जुन्या गावातूनच जातात. पांझरेच्या दक्षिणेकडचा माणूस देवपुरात जातो, देवपुरातला पुढे वलवाडीच्या बाजूस सरकतो. माणसे तितकीच, नळ, दिवे, गटारे आणि रस्ते मात्र दुप्पट. पूर्वी शंभर पावलांच्या नळावर जितकी कुटुंबे पाणी भरीत, तितक्यांकरिता आता पाव मैल नळ टाकावा लागतो, आणि तो फुटला तर दुरुस्तीचा पैसा त्याच तितक्या कुटुंबांच्या घरपट्टीतून निघावयाचा असतो. ज्या गावास पाण्याची तहान पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे त्याने तरी हा हिशेब करावयास हवा होता.

रचनाकारांची बाजूही न सांगणे अन्यायाचे होईल. आमचे एक जुने विद्यार्थी त्या खात्यात आहेत. हा लेख लिहावयाचा आहे असे त्यांस सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, “सर, लोकसंख्या घटेल असे लिहिलेली योजना कोण मंजूर करील? सरकारी अनुदान माणसे मोजून मिळते, महानगरपालिकेचा वर्ग माणसे मोजून ठरतो. कमी होऊ असे म्हणणे म्हणजे आपल्या हाताने आपले पान ओढून घेणे.” यात तथ्य आहे. ज्या व्यवस्थेत वाढीसच बक्षीस आहे, तेथे घट प्रामाणिकपणे सांगणाऱ्यास वेडाच म्हणतील. तेव्हा आमच्या टीकेचा रोख व्यक्तीवर नाही. आमचे हे विद्यार्थी हुशार आणि सरळ आहेत. मात्र त्यांनीही शेवटी एक वाक्य हळूच टाकले, की “माझेच घर आता नाशकात आहे, सर.”

जगात इतरत्र ही गोष्ट मान्य करण्याचे धैर्य काहींनी दाखविले, पण बहुधा फार उशिरा. जपानच्या होक्काइडो बेटावरील युबारी हे कोळशाच्या खाणींचे गाव. १९६० च्या सुमारास तेथे लाखाच्या वर वस्ती होती. खाणी एकामागून एक बंद पडल्या. शेवटची १९९० साली. नगरपालिकेने काय करावे? कर्ज काढून करमणुकीचे उद्यान, वस्तुसंग्रहालये, पाहुण्यांसाठी हॉटेल असे थाटमाट उभारिले, आणि २००७ साली गाव दिवाळखोरीत निघाले. वस्ती दहा हजारांच्या खाली आली, शाळा मोडून एकच प्राथमिक शाळा ठेवावी लागली. त्यानंतर मग विखुरलेल्या लोकांस एका जागी जवळ आणून बसविण्याचा विचार सुचला. अमेरिकेतील यंग्जटाउन या पोलादाच्या गावाने २००५ साली आपल्या योजनेत स्वच्छ लिहिले, की आम्ही आता लहान शहर आहोत, आणि लहान म्हणूनच चांगले राहावयाचे आहे. १९३० साली तेथे एक लाख सत्तर हजार लोक होते. २०२० साली साठ हजार. वाक्य लिहिल्याने वस्ती परत आली नाही, हे खरे. पण निदान खोट्या वस्तीसाठी रस्ते आखणे थांबले.

आम्हांस विशेष मनोरंजक वाटली ती जर्मनीतील लाइप्झिगची रीत. त्या शहराची वस्ती एके काळी सात लाखांवर होती. बर्लिनची भिंत पडल्यानंतर पूर्वेचे कारखाने बंद होऊन ती साडेचार लाखांच्याही खाली उतरली, आणि जुन्या सुंदर इमारती रिकाम्या पडल्या. तेथील काही नागरिकांनी मिळून असे केले, की मालकाने रिकामे घर तात्पुरते वापरावयास द्यावे, राहणाऱ्याने भाडे न देता ते राखावे, छप्पर गळू देऊ नये, चोरी-नासधूस होऊ देऊ नये. अशा घरांस ते ‘राखणदाराची घरे’ म्हणतात. पुढे लाइप्झिगची वस्ती पुन्हा वाढून सहा लाखांवर गेली. ती केवळ यामुळे गेली असे आम्ही म्हणत नाही. पण हा प्रकार वाचताना, हा तर कौलच, असे आमच्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

वस्ती उणी होण्याची भाषा आमच्या रचनाकारांस नाही. आमच्या कादंबरीकारांस मात्र ती आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. तिचा निवेदक एक तरुण शिक्षक आहे. तो वाडीत शाळा चालवावयास येतो, शाळा जमते, आणि शेवटी दुष्काळाने सगळी वाडी उठून जाते. शाळेच्या हजेरीपटावरून गावाचा जीव मोजण्याची ती दृष्टी कोणत्याही जनगणनेच्या कोष्टकात नाही. आमच्या खानदेशच्या भालचंद्र नेमाड्यांचा ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीहून पुण्यास शिकावयास जातो आणि हरून गावी परततो, आमची मुले पुण्यास जातात ती न हरल्यामुळे परतत नाहीत, एवढाच साठ वर्षांतला फरक. ज्यांस पुणे परवडत नाही ते सुरतेस जातात. उधन्यास आणि लिंबायतीस अहिराणी बोलणाऱ्यांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. त्यांचे श्रम, घरभाडे आणि कर सुरतेच्या जमेस लागतात, आणि खानदेशच्या अहवालात त्यांच्यासाठी एक ओळही नसते.

एक गोष्ट येथे सहज आठवली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपुरास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्यासाठी टिळकनगर नावाचे एक नगरच बांबू, चटया व गवत यांचे वसविले होते, आणि नंदलाल बोस यांनी त्याची सजावट केली होती. ते नगर उठणार हे बांधणाऱ्यांस पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, म्हणून ते ज्या मातीत उभे राहिले तिला इजा न करता उठले. खानदेशात उठण्याचा विचार करून आखलेले दुसरे नगर आमच्या माहितीत नाही.

अशा जुन्या गावांचे काय करावे, हे पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली इंदूरच्या अहवालात दाखवून ठेविले होते. जुन्या गल्ल्या पाडून सरळ रस्ते काढू नका. पडलेले एखादे घर काढून तेथे अंगण करा, झाड लावा, उजेड येऊ द्या, बाकीची वस्ती जशीच्या तशी जगू द्या, असा त्यांचा सल्ला होता. पुढील वर्षी ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक झाले, तरी मुंबई इलाख्याने त्यांचे किती ऐकले हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या सल्ल्यात आज आणखी एक गोष्ट जोडावी लागेल. कुलूप लागलेल्या घरांपैकी पुष्कळ घरांची अडचण विटा-चुन्याची नाही, वारसांची आहे. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तीन पिढ्यांची नावे, त्यांतली निम्मी दिवंगत. एक भाऊ पुण्यास, एक बडोद्यास, बहिणीचा मुलगा परदेशी. वर जुना भाडेकरू असेल तर त्याचा वेगळाच दावा. असे घर विकताही येत नाही, दुरुस्त करण्याचा खर्चही कोणी एकटा करीत नाही. नव्या भूखंडांना रस्ता देण्यापूर्वी या उताऱ्यांचा गुंता सोडवावयास एक अंमलदार बसवावा, आणि जो अशा घरात राहावयास येईल त्याची घरपट्टी पहिली काही वर्षे माफ करून पुढे पायरीपायरीने चढवावी, अशी आमची सूचना आहे. बाळाजी बळवंतांस ती नवी वाटली नसती.

हे सर्व लिहिण्याचा आम्हांस अधिकार कितपत आहे, असा प्रश्न वाचक विचारतील. तो विचारणे योग्य आहे. आमचा जन्म धुळ्याच्या पेठेतला. तेथील गल्ल्यांस नावांऐवजी क्रमांक आहेत. आखलेल्या पेठेची ती खूण. अशाच एका क्रमांकाच्या गल्लीत आमच्या वडिलांचे दुमजली घर आहे. तीस वर्षांपूर्वी आम्ही देवपुरात भूखंड घेऊन बंगली बांधली. मुलांना मोकळी हवा मिळावी हे कारण तेव्हा सांगितले होते, आणि ते खोटे नव्हते. मुलांनी ती हवा बारावीपर्यंत घेतली. आता एक पुण्यास आहे, एक बंगळुरास. देवपुरातल्या घरात आम्ही दोघे असतो, आणि वडिलांच्या घरास कुलूप आहे. उताऱ्यावर आमच्यासह पाच नावे आहेत, त्यांतल्या दोघांचे पत्ते आम्हांस ठाऊक नाहीत.

गेल्या आषाढात पावसाने मागची भिंत ओली झाली की काय हे पाहावयास आम्ही तिकडे गेलो होतो. ज्या शाळेत आम्ही मुळाक्षरे गिरविली तिच्या चार वर्गांची मुले आता एका खोलीत बसतात. आम्ही दारातून मोजली, सतरा होती. आणि देवपुरात आमच्या खिडकीसमोरच शाळेसाठी राखलेला भूखंड आहे, त्यावर आम्ही राहावयास आलो तेव्हापासून बाभळीच आहेत. गल्लीत समोरच्या ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी आम्हांस ओळखले नाही. आम्ही कुलूप काढू लागलो तेव्हा त्यांनी हटकले, “आते आठे कोन ऱ्हास भाऊ?” आम्ही मालक आहोत असे सांगितले. त्या म्हणाल्या, मालक तर सगळ्याच घरांना आहेत.

२०११ च्या जनगणनेत सबंध देशात सुमारे अडीच कोटी घरे रिकामी आढळली होती. २०२७ च्या गणनेच्या घरयादीत आमच्या त्या घरापुढे प्रगणकाने काय लिहावे, हे आम्हांस ठरविता आलेले नाही. घरात वडिलांचा पलंग आहे, तुळशीचे वृंदावन आहे, विजेचे बिल दर महिन्यास आम्ही नेमाने भरतो.